पदवी ऑनलाइन, रुग्ण समोर

१९२५ साली अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लेस्ली काउंटीत मोटार जाईल असा रस्ता नव्हता. ॲपलाशियन डोंगरांतला हा मुलूख. ओढे ओलांडत, चढण चढत डॉक्टर गाठायचा तर दिवस मोडायचा. त्या वर्षी मेरी ब्रेकिन्रिज नावाच्या परिचारिकेने तिथे माता-बालकांसाठी सेवा सुरू केली. स्वतःची दोन्ही मुलं तिने त्यांच्या बालपणीच गमावली होती आणि त्यानंतर इंग्लंडला जाऊन मिडवाइफरीचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. तिच्या नर्स खोगिराला अडकवलेल्या पिशव्यांत औषधं आणि बाळंतपणाचं सामान घेऊन घोड्यावरून घरोघरी जात. फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस या नावाने ही सेवा प्रसिद्ध झाली. १९३९ साली संस्थेने स्वतःची शाळा काढली. १९७० साली त्या शाळेत साऱ्या कुटुंबाला तपासू शकेल अशा नर्सचा अभ्यासक्रम आला. १९८९ साली शाळेने आणखी एक धाडस केलं. मिडवाइफरी शिकणाऱ्यांनी केंटकीत मुक्काम करण्याची अट काढून टाकली. आपल्या गावी राहायचं, तिथल्याच दवाखान्यात अनुभव घ्यायचा आणि अभ्यास दुरून करायचा.

इंटरनेट घरोघरी पोचण्याआधीची ही गोष्ट. त्यामागचा हिशेब असा की शिकण्यासाठी शहरात गेलेली नर्स बरेचदा तिकडचीच होते, गावात राहून शिकलेली मात्र गावाला मिळते. आज तीच शाळा फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी म्हणून ओळखली जाते, आणि तिच्यासारखी कितीतरी विद्यापीठं ‘फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर’ची, म्हणजे एफएनपीची, पदव्युत्तर पदवी ऑनलाइन देतात. जाहिराती पाहिल्या की वाटतं, फॉर्म भरला, लॅपटॉप उघडला की झालं. पण या शिक्षणाचा ऑनलाइन भाग अर्धाच आहे. उरलेला अर्धा हाडामांसाच्या रुग्णांसमोर पुरा करावा लागतो. तो कुठे, कोणाच्या हाताखाली आणि कोणत्या राज्याच्या कायद्याने होणार, याचा पत्ता नसताना भरलेला अर्ज पैसा आणि वर्षं दोन्ही खाऊ शकतो. म्हणूनच या अर्जाची आखणी शेवटाकडून करावी लागते. आधी परवाना बघायचा, मग परीक्षा, मग क्लिनिकल आणि सगळ्यात शेवटी फॉर्म.

नर्सच, पण निदान करणारी

नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे बोलीत ‘एनपी’, या पेशाचा जन्म १९६५ सालचा. कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्याच्या नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून पहिला अभ्यासक्रम आखला. खेड्यापाड्यांतल्या आणि गरीब वस्त्यांतल्या मुलांपर्यंत डॉक्टर पोचत नव्हते, नर्स पोचत होत्या. मग त्या नर्सनाच तपासणी आणि उपचाराचं पुढचं शिक्षण का देऊ नये, असा त्यांचा विचार होता. डॉक्टरांच्या संघटनांनी नाकं मुरडली आणि नर्सिंगच्या प्राध्यापकांनाही हे रुचलं नाही. फोर्ड मात्र आपलं म्हणणं मांडत राहिल्या. त्या १०४ वर्षं जगल्या आणि जानेवारी २०२५मध्ये गेल्या, तेव्हा अमेरिकेत परवानाधारक एनपींची संख्या चार लाखांच्या पुढे गेली होती. त्यांतल्या दहापैकी सुमारे सात जणी फॅमिली शाखेच्या आहेत. १९९७च्या कायद्याने मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याकडून एनपींना देशभर थेट मोबदला घेण्याची मुभा मिळाली. डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के हे त्याचं प्रमाण. पेशा स्वतःच्या पायावर उभा राहण्यात या तरतुदीचा वाटा मोठा आहे.

स्टाफ नर्स आणि एनपी यांच्यातला फरक एका दुखऱ्या घशावरून कळतो. नऊ वर्षांचा मुलगा घसा धरून आला आहे. नोंदणीकृत नर्स म्हणजे ‘आरएन’ त्याचा ताप, नाडी, ऑक्सिजन मोजते, तक्रार लिहून घेते आणि डॉक्टरांनी सांगितलेलं औषध देते. एनपी मात्र त्याच मुलासमोर बसून मनात हिशेब मांडते. ताप आहे का? खोकला नाही ना? टॉन्सिलवर पांढरट पू दिसतो का? जबड्याखालच्या, मानेच्या पुढच्या बाजूच्या गाठी दाबल्यावर दुखतात का? ‘सेंटर निकष’ म्हणून ओळखले जाणारे हे चार प्रश्न, त्यात लहान वयाचा एक गुण जास्तीचा. बेरीज कमी आली तर आजार बहुधा विषाणूचा, अँटिबायोटिक नको. जास्त आली तर घशाचा स्वॅब घेऊन स्ट्रेप्टोकॉकसची झटपट चाचणी करायची. ती पॉझिटिव्ह आली तर पेनिसिलिन गटातलं औषध वजनानुसार लिहून द्यायचं, ॲलर्जी विचारायची आणि पुन्हा कधी यायचं ते आईला सांगायचं. हा सगळा निर्णय तिचा आणि सहीही तिची. पुढच्या खोलीत कदाचित मधुमेहाचे सत्तरीतले आजोबा असतात आणि त्यानंतर गर्भनिरोधनाचा सल्ला मागणारी तरुणी. ‘फॅमिली’ या शब्दात तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळे येतात.

सही कितपत स्वतंत्र, हे राज्य ठरवतं. निम्म्याहून जास्त राज्यांत एनपी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय तपासू, निदान करू आणि औषधं लिहू शकते. काही राज्यांत त्यासाठी डॉक्टरांशी लेखी करार लागतो, तर काहींत पूर्ण कारकीर्दभर देखरेख लागते. पदवी एकच, पण कामाचा आवाका राज्य बदललं की बदलतो.

दार कोणाला उघडं

या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणारी व्यक्ती आधीच नर्स असावी लागते. एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळालेला अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा आरएन परवाना, आणि त्यावर कसलीही शिस्तभंगाची कारवाई नसणं, ही जवळजवळ सगळीकडची पहिली अट. दुसरी अट नर्सिंगमधली चार वर्षांची पदवी, म्हणजे बीएसएन. दोन वर्षांची असोसिएट पदवी असलेल्या आरएनसाठी काही विद्यापीठांत मधला पूल आहे, पण त्यात वेळ वाढतो. ज्यांची नर्सिंगची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएसएन, आधीच दुसऱ्या विषयात झाली आहे, त्यांना पुन्हा पूर्ण पदवी करावी लागत नाही. त्यांच्यासाठी पदवीनंतरचं प्रमाणपत्र असतं.

एमएसएन घ्यावी की डीएनपी, म्हणजे डॉक्टरेट, हा प्रश्न हल्ली प्रत्येकीपुढे येतो. एनपींना शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने, एनओएनपीएफने, २०१८ साली ठरवलं की २०२५पर्यंत पेशातला प्रवेश डीएनपीनेच व्हावा. पण हा संघटनेचा आग्रह आहे, कायदा नाही. एमएसएन करून राष्ट्रीय परीक्षा आजही देता येते. पुढे शिकवायचं किंवा प्रशासनात जायचं असेल तर डीएनपी उपयोगी पडते. दवाखान्यात लवकर रुजू व्हायचं असेल तर एमएसएनचा रस्ता आखूड आणि स्वस्त.

बहुतेक ठिकाणी पदवीची सरासरी, म्हणजे जीपीए, चारपैकी तीनच्या वर मागतात आणि संख्याशास्त्राचा एखादा विषय झालेला असावा असं म्हणतात. वर्ष-दोन वर्षं रुग्णालयात काम केलेलं असेल तर निवड समिती ते आवर्जून बघते. जीआरई परीक्षेची अट आता बऱ्याच विद्यापीठांनी सोडली आहे.

स्क्रीनच्या अलीकडे आणि पलीकडे

ऑनलाइन भागात काय होतं? पहिल्या वर्षाचा कणा म्हणजे तीन विषय, ज्यांना विद्यार्थिनी ‘थ्री पी’ म्हणतात: प्रगत पॅथोफिजिऑलॉजी, प्रगत फार्माकॉलॉजी आणि प्रगत शारीरिक तपासणी. व्याख्यानं रेकॉर्ड केलेली असतात, चर्चा आठवड्याच्या ठरल्या वेळी होतात. परीक्षेला कॅमेरा चालू ठेवून, खोली चारी बाजूंनी दाखवून बसावं लागतं. तपासणीच्या सरावासाठी अनेक शाळा शॅडो हेल्थ नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात टीना जोन्स ही २८ वर्षांची आभासी रुग्ण असते. तिला मधुमेह आणि दमा आहे, पायाला जखम झाली आहे. विद्यार्थिनीने विचारलं तरच ती सांगते. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत का हे विचारायचं राहिलं तर ती माहिती बाहेर येत नाही आणि गुण जातात. नेमका प्रश्न विचारण्याची सवय अंगी बाणायला हे बरं आहे, पण टीनाच्या पोटावर हात ठेवून यकृत चाचपता येत नाही.

म्हणून अनेक ऑनलाइन अभ्यासक्रम विद्यार्थिनींना दोन-तीन वेळा, काही दिवसांसाठी, विद्यापीठात बोलावतात. फ्रंटियरमध्ये सुरुवातीच्या भेटीला ‘फ्रंटियर बाउंड’ आणि क्लिनिकलला जाण्याआधीच्या भेटीला ‘क्लिनिकल बाउंड’ म्हणतात. टाके घालणं, सांध्यात इंजेक्शन देणं, कान-डोळ्यांच्या आतलं पाहणं, पेल्व्हिक तपासणी हे तिथे प्राध्यापकांच्या नजरेखाली करून दाखवावं लागतं. अर्ज करणाऱ्या प्रत्येकीने या मुक्कामांच्या तारखा, विमानभाडं आणि नोकरीतली रजा यांचा हिशेब आधीच मांडावा.

आणि मग येतात क्लिनिकलचे तास. एनपी शिक्षणाच्या राष्ट्रीय निकषांत पूर्वी ५०० तासांची किमान अट होती. २०२२च्या सुधारित निकषांनी ती ७५० वर नेली. आठवड्याला आठ तासांचे दोन दिवस दिले तरी सुमारे ४७ आठवडे लागतात, म्हणजे सुट्ट्या आणि आजारपण धरून एक वर्ष. हे तास रुग्णाला प्रत्यक्ष तपासण्याचे. प्रत्येक रुग्णाचं वय, तक्रार, निदान, केलेली कृती आणि त्यात विद्यार्थिनीचा वाटा किती, हे टायफनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रोज नोंदवायचं असतं. लहान मुलं किती पाहिली, बायकांच्या तक्रारी किती, म्हातारी माणसं किती, याचीही बेरीज होते. नुसती संख्या भरून चालत नाही. बालरुग्णांचे तास कमी पडले तर दुसरा दवाखाना शोधावा लागतो.

प्रीसेप्टरचा शोध

दवाखान्यात विद्यार्थिनीला हाताखाली घेणाऱ्या एनपीला किंवा डॉक्टरांना प्रीसेप्टर म्हणतात. ऑनलाइन एफएनपी शिक्षणाची खरी अडचण इथे आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच या वेळात पंचवीस रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरने एक विद्यार्थिनी घेतली की प्रत्येक रुग्णामागे काही मिनिटं वाढतात. बहुतेक प्रीसेप्टरना त्याचा मोबदला मिळत नाही. त्यातच एनपी, फिजिशियन असिस्टंट आणि मेडिकलचे विद्यार्थी अशा सगळ्यांना तेच दवाखाने हवे असतात.

काही विद्यापीठं प्रीसेप्टर शोधून देण्याची जबाबदारी घेतात. काही मदत करतात, पण शेवटी फोन विद्यार्थिनीलाच फिरवावे लागतात. जाहिरातीत ‘क्लिनिकल सहाय्य’ असे शब्द असतील तर त्याचा अर्थ नीट विचारून घ्यावा. दवाखाना मिळाला नाही तर काय होतं? सत्र पुढे ढकललं जातं का, शुल्क परत मिळतं का, पदवीची तारीख किती लांबते? ही उत्तरं लेखी घ्यावीत. प्रीसेप्टर मिळवून देण्यासाठी पैसे घेणाऱ्या खासगी कंपन्याही आहेत. तो खर्च शुल्काच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

लहान गावातल्या नर्सला इथे एक गोष्ट साथ देते. तिला सगळे ओळखतात. ज्या रुग्णालयात ती नाईट ड्यूटी करते, तिथल्याच डॉक्टरांनी तिचं काम पाहिलेलं असतं. अर्ज करण्याच्या वर्षभर आधी तिने त्यांना विचारून ठेवलं तर पुढचं बरंच सोपं जातं. १९८९ साली फ्रंटियरने ज्या भरवशावर शिक्षण गावोगावी नेलं, तो भरवसा याच ओळखींचा होता.

राज्याची वेस

ऑनलाइन वर्गाला राज्याची हद्द नसते, पण नर्सिंगच्या परवान्याला असते. आरएन परवान्यासाठी ‘नर्स लायसन्शर कॉम्पॅक्ट’ हा राज्याराज्यांतला करार आहे. त्यात ४०हून जास्त राज्यं आणि प्रदेश सामील आहेत, त्यामुळे एकाच परवान्यावर त्या सगळीकडे काम करता येतं. कॅलिफोर्निया त्यात नाही. ऑनलाइन शिक्षणाला परस्पर मान्यता देणाऱ्या ‘सारा’ या करारातही कॅलिफोर्निया नाही. परिणाम असा की काही विद्यापीठं कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना प्रवेशच देत नाहीत, तर काही त्यासाठी वेगळी परवानगी काढतात. एनपीचा परवाना तर प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी देतं.

इथे एक सरकारी नियम अर्जदाराच्या कामी येतो. व्यावसायिक परवान्याकडे नेणारा अभ्यासक्रम कोणकोणत्या राज्यांच्या अटी पूर्ण करतो, हे विद्यापीठाला जाहीर करावं लागतं. ही राज्यवार यादी विद्यापीठाच्या कागदपत्रांत सापडतेच. आपण राहतो ते राज्य आणि पुढे जिथे काम करायचं ते राज्य, दोन्ही तिच्यात तपासावीत. अभ्यासक्रम चालू असताना नवऱ्याची बदली होऊन कुटुंब दुसऱ्या राज्यात गेलं तर क्लिनिकल अडू शकतं. लष्करी कुटुंबांना आणि सतत प्रोजेक्ट बदलणाऱ्या आयटीतल्या घरांना हा प्रश्न नेहमीचा आहे.

दुसरी तपासणी मान्यतेची. नर्सिंग अभ्यासक्रमांना अमेरिकेत तीन संस्था मान्यता देतात: सीसीएनई, एसीईएन आणि एनएलएन सीएनईए. यांच्यापैकी कोणाचीही मान्यता नसेल तर पदवीनंतरच्या राष्ट्रीय परीक्षेला बसता येत नाही, आणि त्या परीक्षेशिवाय बहुतेक राज्यांत परवाना मिळत नाही. विद्यापीठाला मान्यता आहे म्हणजे नर्सिंग विभागाला आहेच, असं गृहीत धरू नये. २०२३च्या जानेवारीत अमेरिकेच्या न्याय विभागाने ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ नावाची कारवाई जाहीर केली. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांनी ७,६००हून जास्त बनावट पदविका आणि गुणपत्रिका विकल्या होत्या. त्यांच्या आधारे लोक एनक्लेक्सला बसले आणि काही जण परवाना घेऊन कामालाही लागले. तेव्हापासून नर्सिंग बोर्डं कागदपत्रं जास्त बारकाईने पाहतात आणि त्याची झळ प्रामाणिक अर्जदारांनाही लागते. कागदपत्रं पूर्ण आणि सुसंगत ठेवणं आता आणखी गरजेचं झालं आहे.

तिसरी तपासणी निकालांची. एफएनपीची परीक्षा दोन मंडळं घेतात. एएएनपीसीबीच्या परीक्षेत तीन तासांत १५० प्रश्न असतात, एएनसीसीच्या परीक्षेत साडेतीन तासांत १७५. पहिलीचा भर रुग्णाच्या निदान-उपचारावर, दुसरीत त्याशिवाय धोरण, संशोधन आणि पेशाची भूमिकाही येते. उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण ८० टक्के असावं, अशी सीसीएनईची अपेक्षा असते. विद्यापीठाला मागच्या तीन वर्षांचे आकडे विचारावेत. प्रवेश किती जणींनी घेतला आणि पदवी किती जणींना मिळाली, हेही विचारावं. शंभर जणी आत आल्या आणि साठच बाहेर पडल्या तर त्या साठांचा चांगला निकाल पुरेसा बोलका नसतो.

फॉर्म

एवढं झालं की फॉर्म हातात घ्यावा. अनेक शाळा नर्सिंगकॅस या सामाईक व्यवस्थेतून अर्ज घेतात. एकदा माहिती भरली की ती अनेक ठिकाणी जाते. काही विद्यापीठांचा स्वतःचा फॉर्म असतो. लागतं ते साधारण सारखंच: प्रत्येक कॉलेजची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट, परवान्याचा पुरावा, कामाचा तपशील, दोन-तीन शिफारसपत्रं, हेतू सांगणारा निबंध आणि बऱ्याचदा व्हिडिओवरची मुलाखत. ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडून थेट यावी लागते आणि त्यात हमखास उशीर होतो. म्हणून ते काम पहिल्याच दिवशी सुरू करावं.

शिफारसपत्र कोणाकडून घ्यावं? मोठ्या पदावरच्या ओळखीच्या माणसापेक्षा, रुग्णाच्या खाटेशेजारी आपल्याला काम करताना जिने पाहिलं आहे अशी नर्स मॅनेजर, एखादी एनपी किंवा डॉक्टर बरी. ‘मेहनती आहे, वेळेवर येते’ एवढ्याने समितीला काही कळत नाही. ‘रात्री तीन वाजता रुग्णाचा श्वास बदलल्याचं हिने आधी ओळखलं आणि आम्हाला बोलावलं’ या एका वाक्याने कळतं. शिफारस देणाऱ्याला आपला बायोडेटा आणि अशा दोन-तीन प्रसंगांची आठवण लेखी देणं यात गैर काही नाही.

निबंध हा अर्जाचा सर्वांत जिवंत भाग. ‘लहानपणापासून सेवेची आवड होती’ ही सुरुवात समितीने हजारदा वाचलेली असते. त्याऐवजी एखादा प्रसंग घ्यावा. मधुमेहाचा रुग्ण घरी गेला आणि महिन्याच्या आत पुन्हा दाखल झाला, कारण इन्सुलिन परवडत नसल्याने तो अर्धाच डोस घेत होता. नर्स म्हणून तिला ते कळलं, पण औषध बदलायचा अधिकार तिला नव्हता, आणि गावातल्या एकुलत्या दवाखान्यात पुढची वेळ सहा आठवड्यांनंतरची होती. एफएनपी का व्हायचं याचं उत्तर या घटनेतच आहे. पुढच्या परिच्छेदात ही पदवी घेऊन कुठे, कोणासाठी काम करणार ते सांगावं. त्यानंतर हेच विद्यापीठ का, हे त्याच्या अभ्यासक्रमातला नेमका धागा धरून लिहावं. रुग्णाचं नाव, तारीख, ओळख पटेल असा तपशील मात्र येऊ देऊ नये. रुग्णाच्या गोपनीयतेचा कायदा अमेरिकेत कडक आहे, आणि निबंधातच तो मोडणारी नर्स समिती घेत नाही. जुन्या गुणपत्रिकेत एखादं सत्र खराब गेलं असेल तर दोन ओळींत कारण सांगून पुढे जावं. लपवाछपवी करू नये आणि कैफियतही मांडू नये.

मुलाखतीत ज्ञानापेक्षा तयारी जोखतात. नोकरी किती तासांची आहे, आठवड्याचे किती तास अभ्यासाला देता येतील, घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर सोय काय? क्लिनिकलच्या वर्षात पूर्ण वेळ नोकरी करणं बहुतेकींना जमत नाही. हे आधीच ओळखून आपली व्यवस्था सांगणारी उमेदवार समितीला भरवशाची वाटते.

पैशाचा हिशेब याच टप्प्यावर करावा. अमेरिकेच्या श्रम विभागाच्या आकडेवारीप्रमाणे मे २०२३मध्ये एनपींचं मधलं वार्षिक वेतन १,२६,२६० डॉलर होतं, आणि २०२३ ते २०३३ या दशकात या नोकऱ्या ४६ टक्क्यांनी वाढतील असा अंदाज होता. आकडे मोहक आहेत, पण शुल्कात विद्यापीठागणिक दुपटी-तिपटीचा फरक पडतो. त्यात १ जुलै २०२६पासून नवीन कर्जदारांसाठी ‘ग्रॅड प्लस’ हे सरकारी कर्ज बंद करण्याचा निर्णय २०२५च्या कायद्याने झाला. पूर्वी इतर मदतीनंतर उरलेली सगळी रक्कम त्यातून भागवता येई. आता महागड्या अभ्यासक्रमाची भरपाई खासगी कर्जाने करावी लागू शकते. दुसऱ्या बाजूला नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर आणि नर्स कोअर या सरकारी योजना आहेत. डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात ठरावीक वर्षं काम करण्याच्या बोलीवर त्या शिष्यवृत्ती देतात किंवा कर्ज फेडतात. महाराष्ट्रातल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांना बाँडची कल्पना नवी नाही, हाही तसलाच बाँड. फक्त तो स्वखुशीचा आहे.

पुण्या-नागपूरहून पाहताना

महाराष्ट्रातली नर्स हा ऑनलाइन अभ्यासक्रम घरबसल्या करू शकते का? याचं स्पष्ट उत्तर ‘नाही’ असं आहे. अमेरिकेतल्या राज्याचा आरएन परवाना हवा आणि क्लिनिकलचे तास विद्यापीठाने मान्य केलेल्या अमेरिकी दवाखान्यात व्हायला हवेत. विद्यार्थी व्हिसावर जाऊन करावा म्हटलं तर तिथेही अडतं. एफ-१ व्हिसाच्या नियमांनुसार पूर्ण वेळच्या अभ्यासात एका सत्रातला एकच ऑनलाइन विषय किंवा तीन क्रेडिट धरले जातात. पूर्ण ऑनलाइन पदवीवर तो व्हिसा मिळत नाही.

खरा रस्ता लांबचा, पण सरळ आहे. बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, मग ज्या राज्याला अर्ज करायचा त्याच्या मागणीप्रमाणे शिक्षणाची पडताळणी. ही पडताळणी करणारी सीजीएफएनएस ही संस्था २०२५पासून ट्रूमेरिट हे नाव लावते. तिच्याकडे कागदपत्रं कॉलेज, विद्यापीठ आणि कौन्सिल यांच्याकडून थेट जावी लागतात. उमेदवाराने स्वतः पाठवलेल्या झेरॉक्स चालत नाहीत. लग्नानंतर नाव बदललं असेल तर प्रत्येक कागदावर नाव जुळतं का ते पाहावं, कारण आपल्याकडच्या फायली बऱ्याचदा याच एका गोष्टीवर अडतात. मग इंग्रजीची परीक्षा, एनक्लेक्स आणि नोकरीच्या व्हिसासाठी व्हिसास्क्रीन प्रमाणपत्र. अमेरिकेत नर्सचा पेशा ‘शेड्यूल ए’ या तुटवड्याच्या यादीत असल्याने मालकाला ग्रीन कार्डच्या अर्जात एक टप्पा वगळता येतो, तरी रांग वर्षानुवर्षांची असते. नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर न्यू जर्सी किंवा टेक्सासला गेलेल्या मराठी नर्सना शिक्षण घेता येतं, पण नर्स म्हणून कामाला लागायचं तर कामाची परवानगी लागते. तिकडे आरएन म्हणून दोन-तीन वर्षं काढली की एफएनपीचा फॉर्म भरण्याइतका अनुभव आणि शिफारस करणारी माणसं दोन्ही हाताशी येतात. जीएनएमची तीन वर्षांची पदविका असलेल्यांनी इथेच पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून घेतली तर पुढची गाठ सुटते, कारण बीएसएनशी तुलना पदवीची होते.

जिला इथेच राहायचं आहे, तिच्यासाठीही वाट तयार होते आहे. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. केंद्र सरकारने २०१८ साली नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफची मार्गदर्शक तत्त्वं काढली, ज्यात १८ महिन्यांचं प्रशिक्षण आहे. आयुष्मान भारत योजनेच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांत बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या परिचारिका समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करतात. रक्तदाब, मधुमेह तपासतात आणि ठरवून दिलेल्या यादीतली औषधं देतात. परिचर्या परिषदेच्या १९४७च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा २०२३ साली संसदेने मंजूर केला. औषध लिहिण्याचा अधिकार या परिचारिकांना कितपत आणि कोणत्या देखरेखीखाली द्यायचा, हे या नव्या चौकटीत ठरायचं आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या उपकेंद्रात आलेला दुखरा घसा तिथल्या तिथे तपासून बरा करता येईल की तालुक्याला पाठवावा लागेल, ते त्या निर्णयावर अवलंबून राहील.